नाट्यपद, भावगीत आणि विवाहाची कल्पना

मराठी संगीत रंगभूमीविषयी लिहिताना दोन परस्परविरुद्ध विधाने वारंवार केली जातात. पहिले असे की, या रंगभूमीने समाजसुधारणेस मोठा हातभार लावला आणि विवाहाविषयीचे तरुण पिढीचे विचार पालटून टाकले. दुसरे असे की, गाण्याच्या अतिरेकात नाटकाचा आशय बुडाला. प्रेक्षक सुरांत रंगून गेले आणि विचार जागच्या जागीच राहिला. पहिल्या पक्षाचे लोक 'शारदे'चा दाखला देतात, तर दुसऱ्या पक्षाचे लोक पहाटेपर्यंत लांबणाऱ्या प्रयोगांचा आणि 'वन्स मोअर'चा. वस्तुतः दोन्ही पक्षांच्या मुळाशी गृहीत एकच आहे. नाटकातला विचार संवादांत असतो आणि गाणे ही त्यावरची सजावट असते, हे ते गृहीत होय. पहिला पक्ष सजावटीमुळे विचार लोकांपर्यंत पोहोचला असे म्हणतो, दुसरा सजावटीखाली तो दडपला असे म्हणतो. परंतु गाणे ही स्वतःच एक विचार करण्याची रीत आहे, आणि एका विशिष्ट गोष्टीपुरती ती संवादाहून अधिक धीट होती, हे दोघांच्याही ध्यानी येत नाही.

ती गोष्ट म्हणजे लग्न ठरण्यापूर्वीची मुलीची इच्छा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील पांढरपेशा घरांतून या इच्छेला स्थान नव्हते, एवढेच म्हणणे अपुरे ठरेल. तिला उच्चारण्याची भाषाच नव्हती. वराची निवड, हुंडा, गोत्र, पत्रिका यांविषयी वडीलधाऱ्यांची भाषा समृद्ध होती. मुलीच्या बाजूने मात्र मौन हीच संमती आणि मौन हीच मर्यादा. गायक नटांनी या मौनाला स्वर दिला. त्यांच्या प्रभावाचे खरे मोल येथे आहे, आणि त्याची खरी मर्यादाही येथूनच सुरू होते.

२

अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'सौभद्र' 1882 मध्ये रंगभूमीवर आले. कथा महाभारतातील असली तरी द्वारकेतील ते घर अस्सल महाराष्ट्रीय आहे, हे टीकाकारांनी पूर्वीच दाखवून दिले आहे. थोरला भाऊ कर्ता आहे. त्याने बहिणीचे लग्न दुर्योधनाशी ठरवले आहे. बहिणीचे मन अर्जुनावर जडले आहे. धाकटा भाऊ वरकरणी तटस्थ राहून आतून सूत्रे हलवतो आहे. आणि वहिनी नणंदेच्या मनाचा ठाव घेते आहे. यादवांची नावे काढून टाकली तर पुण्यातील किंवा बडोद्यातील एखाद्या वाड्यातील प्रसंग म्हणून तो सहज खपून जावा.

या नाटकातील पदांच्या जागा लक्षपूर्वक पाहाव्यात. बलरामासमोर सुभद्रा जवळजवळ बोलतच नाही. दादासमोर बोलणे मर्यादेला सोडून झाले असते. ती एकटी असते तेव्हा गाते, किंवा विश्वासातल्या माणसापाशी गाते. गद्यात जे उच्चारले असते तर निर्लज्जपणा ठरला असता, ते पदात उच्चारले की व्याकुळता ठरते. ठरलेल्या वराविषयीचा तिटकारा आणि मनातल्या पुरुषाविषयीची ओढ या दोन्ही गोष्टी प्रेक्षागृहात बसलेल्या बलरामांनी, म्हणजे घरोघरच्या कर्त्या पुरुषांनी, मान डोलावत ऐकल्या. गाण्याने ही सवलत कशी मिळवून दिली? एक कारण चालींत आहे. किर्लोस्करांनी साकी, दिंडी यांसारखी परिचित वृत्ते आणि बायकांच्या गाण्यांच्या घरगुती चाली मोकळेपणाने वापरल्या. नव्या इच्छेला जुन्या ओळखीचा स्वर लाभला. जे मन माजघरात ओव्यांतून सासर-माहेर आळवीत होते, तेच मन त्याच वळणाच्या चालीत आता लग्नाआधीची गोष्ट सांगू लागले.

दुसरे कारण गाणाऱ्याच्या देहात आहे. सुभद्रेची भूमिका भाऊराव कोल्हटकर करीत. स्त्रीची इच्छा पुरुषाच्या कंठातून ऐकू येत होती. त्यामुळे ती एकाच वेळी खरी आणि निरुपद्रवी झाली. गाणारी व्यक्ती कोणाची मुलगी वा बहीण नाही, हे ठाऊक असल्याने प्रेक्षकाला त्या इच्छेशी समरस होण्यास संकोच वाटला नाही. हीच गोष्ट एखाद्या कुलीन मुलीने भर सभेत गाइली असती तर काय झाले असते, हे सांगण्यास कल्पनाशक्तीची गरज नाही. त्याच दशकातील एका खटल्याने ते दाखवून दिले आहे.

३

लहानपणी लग्न होऊन गेलेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले आणि 1884 मध्ये त्यांच्यावर फिर्याद झाली. 1885 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. पुढे तो फिरला आणि 1887 मध्ये पतीकडे जा, नाही तर तुरुंगवास पत्करा, असा हुकूम झाला. 1888 मध्ये तडजोडीने प्रकरण मिटले. या काळात 'केसरी'सह सनातनी पक्षाने त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. ज्या समाजाने रंगमंचावरील सुभद्रेचा नकार डोळ्यांत पाणी आणून ऐकला, त्याच समाजाने न्यायालयातील स्त्रीचा नकार उद्दामपणा मानला. दोहोंत एक भेद होता, हे मान्य करावे लागेल. सुभद्रेचा नकार लग्नापूर्वीचा होता, रखमाबाईंचा लग्नानंतरचा. परंतु तो भेदच महत्त्वाचा आहे. संगीत रंगभूमीने मुलीला जी वाणी दिली ती मंगलाष्टकांपर्यंतच पुरणारी होती.

गोविंद बल्लाळ देवलांच्या 'शारदे'ने (1899) ही वाणी त्या सीमेपर्यंत नेऊन भिडवली. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली अल्पवयीन मुलगी वृद्ध भुजंगनाथाला देऊ पाहतो. शारदा आणि तिच्या मैत्रिणी यांच्या पदांत देवलांनी मुलींच्या आपापसांतील बोलण्याचा लहेजा इतका जसाच्या तसा उचलला की, ती पदे ऐकताना प्रेक्षकाला आपण दाराआडून ऐकत आहोत असे वाटावे. पुढे ही भूमिका बाल केशवराव भोसले यांनी गाजवली. कोवळ्या वयाच्या मुलाने गाइलेली शारदा पाहताना वयातील अंतराचा क्रूरपणा वेगळा समजावून सांगण्याची गरज उरली नाही. मात्र नाटकाचा पेच कसा सुटतो, हेही ध्यानात घ्यावयास हवे. शारदेचे लग्न तिच्या नकाराने मोडत नाही. वर सगोत्र निघाला म्हणून मोडते. गाण्याने जे हृदयात सिद्ध केले ते शास्त्राने दुसऱ्याच कारणासाठी मान्य केले. देवलांना हा दोष दिसला नसेल असे नाही. प्रेक्षकांना किती मागणे पचेल याचा त्यांना अचूक अंदाज होता, असेच म्हणावे लागेल.

1929 मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला आणि मुलीच्या विवाहाचे किमान वय 14 ठरले. तो कायदा 'शारदा कायदा' म्हणून ओळखला गेला. हे नाव अजमेरचे हरबिलास सारडा यांच्यावरून आले, देवलांच्या नायिकेवरून नव्हे. तथापि मराठी कानांना ते नाव नाटकातल्या मुलीचेच वाटावे, हे स्वाभाविक होते. कायद्याची कलमे ज्यांनी कधी वाचली नाहीत, त्यांना त्या कायद्याची गरज कोणत्या मुलीला होती हे पदांवरून ठाऊक होते.

४

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व (1888–1967), यांच्याबरोबर हा प्रभाव एका नव्या अवस्थेत गेला. 1905 मध्ये किर्लोस्कर मंडळीत आलेल्या आणि 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापणाऱ्या या गायक नटाने दीड पिढीच्या मनात कुलीन तरुणीची प्रतिमा निश्चित केली. त्यांच्या लुगड्यांची, दागिन्यांची, केशरचनेची धाटणी घरंदाज स्त्रियांनी उचलली, हे सर्वश्रुत आहे. परंतु वेशभूषेपेक्षा खोलवर गेलेली गोष्ट वेगळी आहे. त्यांनी साकारलेल्या नायिका क्रमाने मांडल्या तर विवाहाविषयीचे एक संपूर्ण शिक्षण त्यातून उभे राहते.

खाडिलकरांच्या 'मानापमाना'तील (1911) भामिनी धैर्यधराला गरीब म्हणून झिडकारते आणि वनमालेच्या वेषात त्याचे गुण पारखून त्याला वरते. 'स्वयंवरा'तील (1916) रुक्मिणी भावाने ठरवलेला शिशुपाल नाकारून स्वतः कृष्णाला पत्र धाडते. देवलांच्या 'संशयकल्लोळा'तील (1916) रेवती नायकिणीच्या घरात जन्मलेली असून लग्नाच्या प्रतिष्ठेची आस धरते. आणि गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील (1919) सिंधू दारूच्या आहारी गेलेल्या पतीच्या चरणांशी अखेरपर्यंत निष्ठा राखून मरते. पारख, निवड आणि प्रतिष्ठेची आस या तीन गोष्टी लग्नापूर्वीच्या. सोशिकता तेवढी लग्नानंतरची. चारही नायिकांचा कंठ एकच. त्यामुळे ज्या सुराने तरुणींना निवडावयास शिकवले, त्याच सुराने त्यांना सोसावयास शिकवले, आणि दोन्ही शिकवणी सारख्याच गोड होत्या.

हे विधान गडकऱ्यांवर आरोप म्हणून करावयाचे नाही. संवादांत सिंधूचे दुःख रखरखीत आहे; सुधाकराचा अधःपात आणि घराची धूळधाण गडकऱ्यांनी निष्ठुरपणे दाखवली आहे. नाटकाची पदे वि. सी. गुर्जरांनी लिहिली आणि बालगंधर्वांनी ती गाइली, तेव्हा या दुःखाला जी कांती चढली तिने भीषणाचे रूपांतर पूज्यात केले. प्रेक्षक घरी परतताना सुधाकराविषयी संताप घेऊन गेला नाही. सिंधूविषयी भक्ती घेऊन गेला. संगीताने आशय बुडवला, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे येथे खरे वाटू लागते. परंतु अधिक नेमके बोलावयाचे तर आशय बुडाला नाही, त्याची दिशा फिरली.

याच गायकाच्या आयुष्यात या प्रश्नाने एक कठोर वळण घेतले. गायिका गोहर कर्नाटकी त्यांच्या सहवासात आल्या, त्यांच्यासमवेत रंगभूमीवर उभ्या राहिल्या आणि पुढे त्यांच्या जीवनाच्या सोबती झाल्या. रसिकांपैकी पुष्कळांना हा संबंध रुचला नाही. बालगंधर्वांच्या उतरत्या काळाचे खापरही अनेकांनी या स्त्रीच्या माथी फोडले. त्या मुसलमान होत्या आणि कलेवर जगणाऱ्या घरातून आल्या होत्या. रेवतीला लग्नाची प्रतिष्ठा मिळावी म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षे टाळ्या दिल्या, त्यांनी प्रत्यक्षातील रेवतीला ती देताना हात आखडला. येथे कोणा एका व्यक्तीचा न्याय करणे हा उद्देश नाही. गाण्यावरची श्रद्धा आणि घरातील व्यवहार ही दोन खाती समाजाने किती काळजीपूर्वक निरनिराळी ठेवली होती, याचा इतका लख्ख पुरावा दुसरा सापडणार नाही.

५

ही दोन खाती निरनिराळी कशी झाली? त्याचे एक उत्तर 'वन्स मोअर'मध्ये आहे. पद पुन्हा पुन्हा मागितले जाई, तेव्हा नाटकाची गती थांबे आणि ओढीचा क्षण लांबत राही. सुभद्रेचे लग्न अखेर सर्वांच्या संमतीने होते, बलरामाचा राग शांत होतो, घराची घडी मोडत नाही. परंतु प्रेक्षकाच्या कानांत उरते ती संमती नव्हे, व्याकुळता. नाटककाराने इच्छेला शेवटी कुटुंबाच्या चौकटीत आणून बसवले होते. श्रोत्यांनी तिला त्या चौकटीतून उचलून वेगळे ठेवले.

दुसरे उत्तर ध्वनिमुद्रिकेत आहे. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय 1902 मध्ये सुरू झाला. 1901 मध्ये निवर्तलेल्या भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा त्यामुळे आठवणींतच राहिली. बालगंधर्वांच्या पिढीचे मात्र तसे झाले नाही. तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. तेवढ्या वेळात ना बलराम मावत होता, ना पाचवा अंक. कथेपासून तुटलेले, परिणामाची जबाबदारी नसलेले, केवळ इच्छेचे असे गाणे घराघरांत येऊन पोहोचले. ज्यांनी नाटक कधी पाहिले नाही त्यांनीही पद ऐकले, पाठ केले आणि पेटीवर बसवले.

आणि मग एक विलक्षण दृश्य मराठी घरांत नेहमीचे झाले. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात वरपक्षाकडून विचारणा होई : गाणे येते का? मुलगी खाली मान घालून पेटी पुढे ओढी आणि एखादे नाट्यपद म्हणे. ज्या पदांचा जन्म मुलीच्या मनाविरुद्ध ठरणाऱ्या लग्नाच्या वेदनेतून झाला, ती पदे मुलीचे लग्न ठरावे म्हणून गाइली जाऊ लागली. गळा गोड आहे की नाही एवढेच ऐकले गेले. गळ्यातून काय निघते आहे ते कोणी ऐकले नाही. पण असे निश्चयाने म्हणता येईल काय? गाणारीने तरी ते ऐकले असेल. रंगभूमीने दिलेली वाणी अशा रीतीने बाजारातील एक गुण ठरली हे खरे. तथापि त्या क्षणी त्या खोलीत स्वतःच्या इच्छेविषयी काही उच्चारण्याचा मुलीला उपलब्ध असलेला मार्गही तोच एक होता, हेही तितकेच खरे. नाट्यसंगीताच्या सामाजिक प्रभावाचा विचार करताना या दोन सत्यांपैकी एकच सांगणारी टीका अपुरी ठरते.

६

स्त्रिया स्वतः रंगभूमीवर येऊन गाऊ लागल्या, तेव्हा या विचाराचा पुढचा टप्पा सुरू झाला. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिकांनी सभेत आणि नाटकात प्रतिष्ठेने गाण्याचा मार्ग मोकळा केला. 1933 मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने श्री. वि. वर्तक यांचे 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक सादर केले. ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या कृतीवर ते आधारलेले होते, आणि लग्नापूर्वीच्या शुद्धतेची अपेक्षा मुलीकडून धरावयाची तर ती मुलाकडूनही का धरू नये, हा त्याचा प्रश्न होता. यात गाणी मोजकीच होती, त्यांना केशवराव भोळे यांनी चाली दिल्या होत्या, आणि ज्योत्स्ना भोळे यांचा आवाज त्यात होता. पदांची संख्या घटली आणि प्रश्न वाढला. स्त्रीच्या इच्छेसाठी आता पुरुषाच्या कंठाची ओट नव्हती.

मो. ग. रांगणेकरांच्या 'कुलवधू'ने (1942) तर विषयच पालटला. यातील भानुमती स्वकर्तृत्वाने नाव मिळवणारी कलावती पत्नी आहे आणि तिच्या यशाने पतीचा अभिमान दुखावतो. ज्योत्स्ना भोळे यांनी ही भूमिका केली आणि मास्तर कृष्णरावांच्या चाली गाइल्या. साठ वर्षे मंगलाष्टकांपाशी थांबणारे गाणे येथे उंबरठा ओलांडून आत गेले. लग्नानंतरही स्त्रीला स्वतःचे असे काही म्हणावयाचे असते, आणि ते सिंधूच्या सोशिकतेपेक्षा निराळे असू शकते, हे मराठी तरुण-तरुणींनी प्रथमच इतक्या मधुर रीतीने ऐकले. इब्सेनच्या नोराची छाया या नाटकावर आहे, असे म्हणून टीकाकार पुढे जातात. परंतु नोरा गात नाही. भानुमतीचे गाणे हेच तिचे कर्तृत्व आणि हेच तिच्या संसारातील पेचाचे कारण आहे. हा भाग मराठी रंगभूमीच्या स्वतःच्या इतिहासातून आला आहे.

खेदाची गोष्ट अशी की, हे वळण एकट्यापुरतेच राहिले. 1930 नंतर लवकरच ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' गो. ना. जोशी यांनी गाऊन तबकडीवर आणली होती. रविकिरण मंडळाच्या काव्यगायनाने कवितेला सुरांची सवय आधीच लावून ठेवली होती. गजाननराव वाटवे यांच्यासारख्या गायकांनी गणेशोत्सवांतून भावगीत हजारोंपर्यंत नेले, आणि आकाशवाणीने ते घरोघर पोहोचवले. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांचे स्वर लाभलेले 'शुक्रतारा' हे या परंपरेचे एक शिखर होय. भावगीतातील प्रेमिकांना घर नाही, जात नाही, थोरला भाऊ नाही. ते चांदण्यात भेटतात आणि चांदण्यातच निरोप घेतात. द्वंद्वगीतात तर स्त्री आणि पुरुष समान पातळीवर एकमेकांना संबोधतात, आणि ही समानता नाट्यपदाने क्वचितच दिली होती. तिचे मोल कमी लेखता येत नाही. नवरा-बायकोने एकमेकांशी मित्रासारखे बोलावे ही अपेक्षा पुढील पिढीत रुजली, तिच्यामागे या सुरांचाही वाटा आहे.

परंतु विरोधच नाहीसा झाल्यावर इच्छेला धार कोठून येणार? सुभद्रेच्या पदामागे बलराम उभा होता. म्हणून ते पद आळवणे ही लहानशी का होईना, बंडखोरी होती. भावगीताच्या मागे कोणीच उभा नाही. 1954 चा विशेष विवाह कायदा आणि 1955 चा हिंदू विवाह कायदा यांनी निवडीला आणि विभक्त होण्यालाही कायद्याचा आधार दिला, त्याच सुमारास मराठी गाणे निवडीच्या प्रश्नापासून दूर, आठवणीच्या आणि विरहाच्या प्रदेशात गेले. परिणामी तरुण मनात एक सोयीची वाटणी झाली. प्रेम गाण्यातले, लग्न घराण्यातले. एकाने दुसऱ्याच्या हद्दीत जाऊ नये. रात्री रेडिओवर एक ऐकावे आणि सकाळी पत्रिका जुळवावी, यात कोणाला विसंगती वाटेनाशी झाली.

म्हणून लोकप्रिय गायकांनी तरुणांची विवाहाची कल्पना बदलली काय, या प्रश्नाचे सरळ होय किंवा नाही असे उत्तर संभवत नाही. लग्न कसे ठरावे हे त्यांनी बदलले नाही. ते काम शिक्षणाने, नोकरीने आणि कायद्याने केले, आणि आजही ते अपुरे आहे. लग्नाविषयी मुलीला काय वाटते, ही ऐकण्यासारखी गोष्ट आहे, एवढे त्यांनी सिद्ध केले. ऐकणे आणि मानणे यांतील अंतर त्यांना ओलांडता आले नाही. मात्र 1882 मध्ये जी गोष्ट घरात उच्चारताच येत नव्हती, ती एका गायक नटाने सुरात उच्चारली आणि घरातील कर्त्या पुरुषाने ती पुन्हा म्हणावयास लावली. त्या 'वन्स मोअर'मध्ये करमणूक किती आणि कबुली किती, याचा हिशेब संगीत नाटकाच्या टीकेने अजून मांडावयाचा आहे.